दवाखान्याचा विमा : कार्डाआधी दवाखाना पाहा

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतील बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. "वडिलांचे वय बहात्तर. त्यांच्यासाठी कोणता विमा घ्यावा?" "पिवळे कार्ड असले तर मेडिक्लेमची गरज आहे का?" "बँकेतून विम्याचे पैसे कटतात, ते दवाखान्यात चालतात का?" दवाखान्यात येणारे रुग्णही हेच विचारतात. म्हणून आज औषधपाण्याचा विषय बाजूला ठेवून विम्याबद्दल लिहितो. हाही आरोग्याचाच विषय आहे. आपल्या भागात एका शस्त्रक्रियेपायी बैलजोडी विकलेली आणि दीड एकर धानाची बांधी गहाण पडलेली घरे मी पाहिली आहेत. आजार बरा झाला, कर्ज मात्र पुढच्या पिढीकडे गेले.

सुरुवातीलाच मुख्य मुद्दा सांगतो. कार्डावर पाच लाख लिहिले आहे की दहा लाख, हे नंतर पाहावे. ते कार्ड आपल्या गावाहून वेळेत पोहोचता येईल अशा कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या आजारासाठी चालते, हे आधी पाहावे. मुंबई-पुण्यात एक रुग्णालय नाही म्हणाले तर रिक्षाने दुसरे गाठता येते. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर आणि तिथून नागपूर आणखी 170. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती इथल्या माणसाला चुकीच्या दारात जाऊन परत फिरणे परवडत नाही.

हक्काचे आधी, विकतचे नंतर

पुष्कळ लोक विमा एजंटाकडे जातात, पण सरकारने आधीच दिलेले संरक्षण वापरत नाहीत. आपल्या लोकांच्या तोंडी अजून "जीवनदायी" हेच नाव आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. चंद्रपूरसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर 2013 मध्ये आली. 2017 पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये आली आणि एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालतात.

पूर्वी फुले योजनेची मर्यादा दीड लाख होती आणि पांढऱ्या शिधापत्रिकेला ती लागू नव्हती. 1 जुलै 2024 पासून पिवळी, केशरी, पांढरी अशा सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ती लागू झाली. मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाख झाली. तरीही "आमचे पांढरे कार्ड, आम्हाला काही मिळत नाही" असे म्हणणारे शिक्षक आणि दुकानदार मला दर आठवड्याला भेटतात. त्यांनी ही समजूत सोडावी.

सत्तरीपुढच्यांसाठी

29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. मर्यादा वर्षाला पाच लाख. घरात नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर हे पाच लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर वृद्धांचे पाच लाख वेगळे मोजले जातात. साखर, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. या वयात खाजगी कंपनीचा हप्ता भरायचा म्हटले तर पेन्शनचा मोठा घास जातो. तेव्हा सत्तरीपुढच्या माणसासाठी पहिले काम हे कार्ड.

वय आधार कार्डावरून धरतात. जुन्या लोकांच्या जन्मतारखा अंदाजाने, बहुतेक 1 जानेवारी अशा, लिहिलेल्या असतात. वय कमी लागले असेल तर दुरुस्ती आताच करावी. शिधापत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरे, हीसुद्धा आपल्याकडची नेहमीची अडचण. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेल्यांनी घाबरू नये. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा क्रमांक, डोळे किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटवता येते. या कार्डासाठी शुल्क नाही. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

केंद्राच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेत असलेल्यांना जुनी योजना आणि वय वंदना यांतून एकच निवडावी लागते. त्या योजनांत बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही मिळतात, म्हणून घाईने सोडू नयेत. भद्रावतीच्या आयुध निर्माणीच्या निवृत्तांनी हे लक्षात ठेवावे. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, माजरीकडच्या वेकोलिच्या निवृत्त कामगारांसाठी कोल इंडियाची निवृत्तीनंतरची अंशदायी मेडिकेअर योजना आहे. तिचे कार्ड असेल तर ते जपा आणि कोणत्या रुग्णालयांशी करार आहे त्याची यादी क्षेत्रीय कार्यालयातून घ्या. खाजगी मेडिक्लेम किंवा कामगार विमा असणाऱ्या सत्तरीपुढच्या व्यक्तीला मात्र वय वंदना कार्ड घेता येते.

दवाखाना कसा पाहायचा?

योजनेत असलेले रुग्णालय प्रत्येक आजारासाठी योजनेत असतेच असे नाही. मान्यता विभागवार असते. एखाद्या ठिकाणी डोळ्यांची शस्त्रक्रिया योजनेतून होते, पण हाडांची नाही. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. माझ्याकडच्या एका सत्तरीच्या आजीचे खुब्याचे हाड मोडले. मुलाने गाडी करून तिला थेट मोठ्या शहरात नेले. तिथे पाटी योजनेची होती, पण हाडांचा विभाग योजनेत नव्हता. अनामत रोख भरावी लागली आणि दुसरे रुग्णालय शोधण्यात तीन दिवस गेले. खुब्याच्या फ्रॅक्चरवर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी असे शास्त्र सांगते. उशीर झाला की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि म्हातारे माणूस खाटेवरून उठत नाही.

म्हणून गाडी ठरवण्याआधी फोन करावा. फुले योजनेचा क्रमांक 155388 किंवा 1800 233 2200 आणि आयुष्मानचा 14555. हे फोन मोफत आहेत. विचारायचे एवढेच : "या आजारासाठी आमच्या जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे?" रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचे टेबल गाठावे. शस्त्रक्रियेआधी मंजुरी तोच मिळवून देतो. पैसे भरून मागाहून कार्ड दाखवले तर परतावा मिळेल असे धरून चालू नये.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. सिरोंच्याचे लोक मंचेरियल, वारंगलला जातात, कोरचीचे राजनांदगावला. आयुष्मान आणि वय वंदना ही कार्डे दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतात. फुले योजना मुख्यतः महाराष्ट्रातल्या रुग्णालयांपुरती आहे. आपले नाव नेमके कशात आहे हे सीमेवरच्या घराने आधी पाहून ठेवले पाहिजे.

या कार्डांत काय बसत नाही?

या योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, खोकल्यासाठी डॉक्टरची भेट हे त्यांत येत नाही. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस धरलेले असतात, पुढचे नाही. रोजच्या औषधांसाठी आपले उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. रक्तदाबाची गोळी नियमाने घेणाऱ्याला लकव्याचा धोका पुष्कळ कमी होतो. दवाखान्याचा मोठा खर्च टाळण्याचा सर्वांत स्वस्त विमा तोच.

गाडीभाडे, सोबत राहणाऱ्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी हा खर्चही घरालाच सोसावा लागतो. जंगलपट्टीत तो मोठा असतो. दहा-पंधरा हजार रुपये बँकेत किंवा बचत गटात केवळ याचसाठी वेगळे ठेवावेत. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे, ती आधी बोलवावी.

आणि साप चावला किंवा छातीत एकाएकी कळ आली, तर कार्ड शोधत बसू नये. प्रथम जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते. कार्ड घरचा माणूस मागाहून आणू शकतो. वाघ, अस्वल, रानडुकराच्या हल्ल्यात जखमी झाल्यास वन विभागाची मदत वेगळी असते. त्यासाठी वन कार्यालयाला लगेच कळवावे आणि उपचारांचे सर्व कागद जपावेत.

बँकेतून कटतात ते पैसे

"डॉक्टरसाहेब, आमचा विमा हाये ना, दरसाल बँकेतून वीस रुपये कटते," असे रुग्ण सांगतात. वीस रुपयांची ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही हात, पाय, डोळे गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख देते. 436 रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसाला दोन लाख देते. दोन्ही चांगल्या आहेत, चालू ठेवाव्यात. पण दवाखान्याचे बिल यांतली एकही भरत नाही.

खाजगी मेडिक्लेम कोणी घ्यावा?

ज्यांना योजनेबाहेरच्या रुग्णालयात जायचे आहे, ज्यांची मुले नागपूर-पुण्यात आहेत आणि उपचार तिथेच होतील, ज्यांना हप्ता दरवर्षी न चुकता भरता येईल, त्यांनी जरूर घ्यावा. पण तो प्रकृती धडधाकट असताना, शक्यतो पन्नाशीच्या आत. 1 एप्रिल 2024 पासून पॉलिसी घेण्याची 65 वर्षांची अट गेली आहे, तरी वाढत्या वयात हप्ता भारी पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेवढा दिलासा आहे.

पॉलिसीवर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा.

एक, आधीच्या आजारासाठी थांबायचे किती? कायद्याने ही मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले तीस दिवसही सहसा वगळलेले असतात.

दोन, खोलीभाड्याची मर्यादा किती? सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत ती विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार आहे. दोन लाखांच्या पॉलिसीत चार हजार झाले. आपण आठ हजारांची खोली घेतली, तर डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचे साठ हजारांचे बिलही निम्मेच, म्हणजे तीस हजार, मंजूर होते. खोली साधीच घ्यावी.

तीन, आपला वाटा किती? आरोग्य संजीवनीत प्रत्येक मंजूर बिलाचे पाच टक्के आपण भरायचे असतात. काही पॉलिसींत वृद्धांसाठी हा वाटा बराच जास्त असतो.

चार, आपण जाणार त्या रुग्णालयात कॅशलेस आहे का? नसेल तर आधी रोख भरावे लागेल.

अर्ज भरताना खरे लिहा. रक्तदाब, साखर, सिकलसेल, बिडी, खर्रा, काहीही लपवू नका. "एवढं कशाला लिहिता" असे एजंट म्हणाला तरी सही आपली असते आणि दावा नाकारला जातो तेव्हा एजंट जवळ नसतो. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत न पटल्यास परत करता येते. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहावे. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

या रविवारी एवढे करा

घरातील सर्वांची आधार कार्डे आणि शिधापत्रिका एकत्र काढा. नावे आणि जन्मतारखा जुळतात का ते पाहा. ज्यांची कार्डे नाहीत त्यांची यादी करून आशाताईंना किंवा सेवा केंद्रात द्या. मग एका कागदावर हृदय, हाडे, डोळे, डायलिसिस आणि बाळंतपण असे पाच आजार-प्रसंग लिहा. प्रत्येकापुढे योजनेतील जवळच्या रुग्णालयाचे नाव फोन करून भरा. खाली 108, 155388 आणि 14555 हे क्रमांक लिहा. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि कार्डे कुठे ठेवली आहेत ते घरातल्या सुनेला आणि शेजाऱ्यालाही सांगा. अर्ध्या रात्री आजीचा पाय घसरला तेव्हा घरी कोण असेल, ते आज सांगता येत नाही.

पुढील आठवड्यात : मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी का?