मेंढ्या पाळणारे कुटुंब

आमच्या वर्गात कुरमार समाजाचा एक मुलगा आहे. धान कापले की तो शाळेत दिसत नाही. हजेरीत त्याचे नाव आले की आम्ही ओरडतो, "गुरुजी, तो मेंढ्यांमागं गेला!" त्याच्या आजोबांना विचारून मी ही माहिती लिहिली आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यात कुरमार लोक मेंढ्या पाळतात. मेंढ्या घेऊन ते गावोगाव फिरतात. रात्री शेतकऱ्याच्या बांधीत मेंढ्या बसवतात. लेंड्यांचे चांगले खत होते. त्याबद्दल शेतकरी धान नाहीतर पैसे देतो. वाघ-बिबट येतो म्हणून रात्री कोणीतरी जागे राहते. कुत्रेही राखण करतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीने मेंढ्यांचे खूर सडतात, म्हणून उंच, कोरडी जागा पाहावी लागते.

वर्षातून दोनदा लोकर कातरतात. बाया चरख्यावर सूत काढतात. त्याला चिंचोक्याची खळ देतात. माणसे मागावर घोंगडी विणतात. आता गिरणीचे ब्लँकेट स्वस्त मिळते, म्हणून लोकरीला भाव नाही.

आजोबा म्हणाले, "पहिले रान मोकळं होतं, मंग सरकारी झालं." गुरुजींनी ते समजावून सांगितले. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य घेतले. त्यात चांदाही गेला. १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव होऊ लागले. चराईला पास आणि पैसे लागू लागले.

ऑस्ट्रेलिया देशातही इंग्रजांचे राज्य होते. तिथे १७९७ साली मेरिनो जातीच्या मेंढ्या आणल्या. पुढे एकेका गोऱ्या कुटुंबाकडे हजारो मेंढ्या झाल्या. लोकर जहाजाने विलायतेला जाई. पण ती जमीन तिथल्या मूळ लोकांची होती. त्यांना हाकलून दिले. म्हणजे तिकडे मेंढीवाल्याला रान मिळाले आणि इकडे मेंढीवाल्याचे रान गेले. दोन्हीकडे आधीच्या लोकांना कोणी विचारले नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्कही आहे. फिरत्या मेंढपाळांनाही तो आहे. त्यासाठी ग्रामसभेत दावा करावा लागतो. दावा करायला लिहिता-वाचता आले तर बरे.

माझा मित्र वाचण्यात मागे आहे. पण कळपातली एक मेंढी कमी झाली तर त्याला न मोजताच समजते. तो परत आला की मी त्याला राहिलेले धडे वाचून दाखवणार आहे. तुमच्या वर्गात असा कोणी असेल तर त्याला हसू नका, तुम्हीपण दाखवा.

– इयत्ता ४ थी