अडतिसावा अध्याय आणि आमचा गुरुवारचा डबा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राचा अडतिसावा अध्याय आपणा सर्वांच्या वाचनातला. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण श्रीनृसिंहसरस्वती महाराजांना भिक्षा घालण्यासाठी गाणगापुरी येतो. जवळ शिधा तीन माणसांपुरता. मठात रोज दुसऱ्या कोणाची तरी समाराधना असते, त्यामुळे याचा नंबरच लागत नाही. वर लोक हसतात. शेवटी श्रीगुरू त्यालाच स्वयंपाक करायला सांगतात आणि सर्वांना बायकामुलांसह जेवायला बोलवायला लावतात. तेवढ्या अन्नात चार हजार लोक जेवून तृप्त होतात.

मी कॉमर्सचा पदवीधर, ३६ वर्षे बँकेत कारकून. पारायणे पुष्कळ केली, पण तिनाचे चार हजार कसे झाले, हा ताळा काही जुळत नव्हता. त्याचा थोडासा उलगडा मला पोथीपुढे बसून नव्हे, तर दवाखान्याच्या व्हरांड्यात झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचे ऑपरेशन झाले. अकरा दिवस मी बाहेरच्या बाकावर काढले. तेव्हा कळले की पेशंटला जेवण मिळते, पण त्याच्याजवळ बसणाऱ्याचे कोणी नसते. चंदगड, गडहिंग्लज, शाहूवाडी, तळकोकण, पार निपाणीकडून माणसे कोल्हापूरला येतात. औषध आणायला कधी हाक येईल सांगता येत नाही, म्हणून जागा सोडता येत नाही. पैसे औषधाला लागतील म्हणून पोट मारायचे. चहा आणि बिस्किटावर दिवस काढणाऱ्या बायका मी पाहिल्या. ज्या करवीरात दत्तप्रभू रोज भिक्षेला येतात अशी आपली श्रद्धा, त्याच करवीरातली ही गोष्ट.

सौ. बऱ्या होऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "दर गुरुवारी चाळीस माणसांचं करू या." व्यवस्थापनाची परवानगी काढली. सूनबाई पहाटे कणीक मळते, सौ. आमटी-भाजी बघतात, मुलगा गाडीतून डबे नेतो, नातू पाणी देतो. हिशेब माझ्याकडे. माणशी तीन पोळ्या धरल्या तर चाळिसांना चार किलो कणीक, तांदूळ अडीच किलो, तूरडाळ दीड किलो, भाजी पाच किलो. गर्दी आवरावी म्हणून मी नियम केला, नातेवाइकाचा पास दाखवेल त्यालाच ताट. बँकेत व्हाऊचरशिवाय पैसे सुटत नाहीत, ती सवय.

एका गुरुवारी पन्नाशीचा एक गृहस्थ रांगेत आला. मी पास मागितला. तो म्हणाला, "पास काढून घेतलाय की वो मामा." मी म्हणालो, "मग नाही देता येणार, बाजूला व्हा." तो काही न बोलता भिंतीशी जाऊन बसला. सौ.नी जवळ जाऊन विचारले तेव्हा समजले, त्याचा मुलगा सकाळीच गेला होता. पेशंटच नाही म्हणून पास नाही. कागद पुरे होईपर्यंत तो बसून होता. आदल्या दुपारपासून पोटात अन्न नव्हते.

सौ.नी ताट वाढून नेले. तो नको नको म्हणत होता. त्या म्हणाल्या, "दादा, अजून गाव गाठायचंय तुम्हाला. दोन घास खा." दोन घास त्याने खाल्ले. मला मात्र त्या दिवशी घरचे अन्न गेले नाही. माझा हिशेब बरोबर होता आणि तरी मी चुकलो होतो.

रात्री पुन्हा अडतिसावा अध्याय काढला. श्रीगुरूंनी भास्कराला अन्नावर वस्त्र झाकायला दिले आणि न उघडता वाढत राहा म्हणून सांगितले. मला वाटते, वस्त्र अन्नावर होते, तसेच ते वाढणाऱ्याच्या नजरेवरही होते. किती उरले, कोण आला, त्याची लायकी काय, हे बघत बसू नये. पंगतीला बोलावताना श्रीगुरूंनीही कोणाला वगळले नाही.

दुसऱ्या गुरुवारपासून पास बंद केला. भीती होती तशी झुंबड उडाली नाही. कधी चाळिसाचे पंचेचाळीस होतात, तेव्हा माणशी अर्धी पोळी कमी वाढतो. जेवून उठलेलीच दोन-चार माणसे पुढच्यांना वाढू लागतात. त्यामुळे घेणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

ज्या घरांना असे काही करावेसे वाटेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. आधी परवानगी घ्यावी. पेशंटला आपण होऊन खायला देऊ नये, त्याचे पथ्य डॉक्टर जाणतात. तिखट-तेल बेताचे ठेवावे. अन्न ताजे असावे, दोन-तीन तासांत संपवावे, उरलेला भात दुसऱ्या दिवशी नेऊ नये. ताटासोबत फोटो काढू नयेत. झेपेल तेवढेच करावे, महिन्यातून एक दिवस दहा ताटे केली तरी चालेल. पण घरातल्या सर्वांनी मिळून करावे. नातवाला मी दानाचे व्याख्यान कधी दिले नाही. तो आता स्वतःच म्हणतो, "आजोबा, त्या आजींना पाणी राहिलं."

वही मी अजून ठेवतो. त्यात किलो आहेत, लिटर आहेत, खर्च आहे. कोणाला दिले, तो रकाना मात्र कोरा सोडला आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥