एक नाव, तीन क्लब

औद्योगिक क्रांतीचा अभ्यास करताना लँकेशायरचे नाव आपण हमखास वाचतो. सूत, कोळसा, धुराडी, बालमजूर आणि कारखाना-कायदे, एवढ्यावर तो धडा संपतो. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवले, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि पुढे जातो. त्या मोकळ्या दुपारचे पुढे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून जाते. तिचे एक उत्तर फुटबॉल हे आहे. प्रस्तुत लेखात त्याच परगण्यातील ॲक्रिंग्टन या गावाच्या क्लबाचा इतिहास थोडक्यात मांडायचा आहे. हा क्लब कधीही मोठा झाला नाही. परंतु एखादी संस्था मेली असे केव्हा म्हणावे, आणि ती पुन्हा उभी राहिली तर ती तीच समजावी काय, हा प्रश्न त्याच्या निमित्ताने पुढे येतो. आणि तो केवळ खेळाचा नाही.

ॲक्रिंग्टन हे ब्लॅकबर्न आणि बर्न्ली या दोन मोठ्या गावांच्या मध्ये, दोहोंपासून पाच-सहा मैलांवर वसलेले, पस्तीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. कठीण लाल विटा आणि सूतगिरण्यांची यंत्रे यांसाठी ते प्रसिद्ध होते. हॉवर्ड अँड बुलो हा रिंग-पद्धतीच्या सूतकताईची यंत्रे बनवणारा कारखाना इथलाच. मुंबईच्या गिरण्यांची रिंग-खाती लँकेशायरच्या अशाच कारखान्यांच्या यंत्रांवर उभी राहिली, आणि पुढे त्याच गिरण्यांच्या कापडाने लँकेशायरची बाजारपेठ हिरावली. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी जवळच्याच डार्वेन येथे गिरणीकामगारांना भेटले, तेव्हा तेथील बेकारी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. क्लबाच्या हलाखीकडे पाहताना गावाची ही ओसरत गेलेली मिळकत नजरेआड करून चालणार नाही.

१८८८ साली इंग्लंडमध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी सहा लँकेशायरचे होते, आणि त्यांत एव्हर्टन, प्रेस्टन यांच्या पंक्तीला ॲक्रिंग्टन हा क्लब होता. मात्र त्याच्या नावात 'स्टॅन्ली' नव्हते. तो वेगळा क्लब. १८९३ मध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्धचा निर्णायक सामना एका गोलाने गमावल्यावर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळण्याऐवजी त्याने लीगच सोडली, आणि थोड्याच वर्षांत तो नामशेष झाला. ॲक्रिंग्टनचा राजीनाम्याशी असलेला संबंध असा फार जुना आहे!

दरम्यान १८९१ च्या सुमारास गावातील स्टॅन्ली स्ट्रीट या रस्त्यावरच्या मंडळींनी 'स्टॅन्ली व्हिला' नावाचा संघ काढला होता. थोरला क्लब मागे पडल्यावर या धाकट्याने गावाचे नाव उचलले आणि तो 'ॲक्रिंग्टन स्टॅन्ली' झाला. एका रस्त्याचे नाव अशा रीतीने पुढे सगळ्या देशाला ठाऊक झाले. १९१९ पासून हा क्लब पील पार्क या मैदानावर खेळू लागला आणि १९२१ मध्ये लीगच्या नव्याने निघालेल्या तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात त्याला प्रवेश मिळाला. पुढची तीस वर्षे सांगण्यासारखी नाहीत. तक्त्याच्या खालच्या भागात राहायचे, आणि एखादा चांगला खेळाडू निपजला की तो विकून बिले भागवायची, हा छोट्या क्लबांचा परिपाठच होता.

खरा उत्कर्ष आला तो वॉल्टर गॅलब्रेथ हा स्कॉटिश मॅनेजर १९५३ मध्ये आल्यावर. त्याने आपल्या मुलखातून इतके खेळाडू आणले की १९५५ मध्ये क्लबाने अकराच्या अकरा स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गडी मैदानात उतरवले. इंग्लंडच्या लीगमधील क्लबाच्या बाबतीत असे प्रथमच घडले. त्यांतील जॉर्ज स्ट्युअर्ट याने क्लबासाठी लीगमध्ये १३६ गोल केले. १९५५ ते १९५८ या चार मोसमांत स्टॅन्लीचा क्रमांक अनुक्रमे दुसरा, तिसरा, तिसरा आणि दुसरा असा लागला. पण बढती मिळे ती केवळ पहिल्या क्रमांकाला. चार वर्षे दारापर्यंत जाऊन परत यावे, तसे झाले.

याच भरात चालकांनी एक व्यवहार केला, तो मुद्दाम सांगितला पाहिजे. १९५८ मध्ये ऑल्डरशॉट येथील लष्करी कवायतींच्या मैदानावरची एक प्रेक्षक-गॅलरी त्यांनी १,४५० पौंडांना विकत घेतली. किंमत स्वस्त, पण ती सोडवून इंग्लंडच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेस आणणे आणि पुन्हा उभी करणे यांचा खर्च तिच्या कितीतरी पट झाला. त्याच वर्षी गॅलब्रेथ गेला. त्याच वर्षी उत्तर आणि दक्षिण विभाग मोडून सबंध देशाचे तिसरे व चौथे डिव्हिजन झाले, म्हणजे प्रवासखर्चही वाढला. १९६० मध्ये बर्न्लीने इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले, ब्लॅकबर्न रोव्हर्स एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात पोचला, आणि त्या दोघांच्या मधला स्टॅन्ली तळाला राहून चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरला. बसने अर्ध्या तासावर देशातील उत्तम फुटबॉल दिसत असता पील पार्कवर कोण येणार? १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या आठवड्याच्या पगारावरील वीस पौंडांची कमाल मर्यादा उठली आणि खर्चाचा शेवटचा बांधही गेला.

१९६२ च्या आरंभी कर्ज साठ हजार पौंडांच्या घरात होते. २ मार्चला क्रू येथे संघ चार-शून्य असा हरला. सल्ल्यासाठी बर्न्लीचा अध्यक्ष बॉब लॉर्ड याला बोलावण्यात आले. तो मूळचा खाटीक, बोलण्यात रोखठोक. क्लब चालवणे आता शक्य नाही असे त्याने सांगितले. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे मरण सोयीचे असते, असा संशय गावात पुढे अनेक वर्षे होता. मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. कर्ज काही लॉर्डने केलेले नव्हते. अध्यक्ष सर विल्यम कॉकर यांनी लीगला राजीनाम्याचे पत्र धाडले. लगोलग मदतीची आश्वासने आली आणि चालकांनी पत्र मागे घेण्याची धडपड सुरू केली. परंतु लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी ते मान्य केले नाही. पत्र स्वीकारले गेले होते. त्या मोसमात झालेले स्टॅन्लीचे तेहतीस सामने तक्त्यातून पुसण्यात आले. क्रूने मारलेले चार गोलही त्यांबरोबर गेले. रिकाम्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडची निवड झाली.

येथे थोडे थांबून लीगची घटना पाहिली पाहिजे, कारण या कथेची किल्ली तीत आहे. त्या काळी तळाच्या क्लबांना आपोआप बाहेर जावे लागत नसे. ते 'फेरनिवडी'साठी उभे राहत आणि लीगमधले इतर क्लब मते देत. म्हणजे सभासदच सभासदांना निवडून देत. बाहेरच्या क्लबाने आपली स्पर्धा कितीही वेळा जिंकली तरी त्याचे दार बहुधा बंदच असे. न्याय किती लहरी होता पाहा: १९६० मध्ये गेट्सहेड हा क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये तळापासून तिसरा होता, त्याच्याही खाली असलेले दोघे राहिले, आणि गेट्सहेडला मतांनी बाहेर काढले. अशा लीगमधून जो स्वतःहून बाहेर पडला, त्याला परतीची वाट नव्हती. हार्डेकर यांचे उत्तर कायद्याला धरून असेलही. पण त्या कायद्याने एका पत्राला जन्मठेपेचे रूप दिले होते.

जुना क्लब स्थानिक स्पर्धांत कसाबसा तगला आणि १९६६ मध्ये बंद पडला. दोन वर्षांनी गावातील मंडळींनी एका कामगार-क्लबात सभा भरवून त्याच नावाचा नवा क्लब काढायचे ठरवले. १९७० पासून तो क्राउन ग्राउंड या दुसऱ्याच मैदानावर, लँकेशायर कॉम्बिनेशन या लहान स्पर्धेत खेळू लागला. मैदान नवे, खेळाडू नवे, कायद्याने संस्थाही नवी. पुढील काळ पायरी-पायरीने चढण्याचा आहे: १९७८ मध्ये चेशायर लीग, १९८२ मध्ये नॉर्थ वेस्ट काउंटीज, १९८७ मध्ये नॉर्दर्न प्रीमियर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुधाच्या एका दूरदर्शन-जाहिरातीत एका पोराच्या तोंडी, हा कोण बरे स्टॅन्ली, अशा अर्थाचा प्रश्न घातला होता. सारा देश हसला. अपयशाचे उदाहरण म्हणून का होईना, नाव टिकले होते.

आणि १९८७ हेच ते साल, ज्या वर्षी फेरनिवडीची पद्धत रद्द होऊन लीगमधून एक क्लब आपोआप खाली आणि कॉन्फरन्स या स्पर्धेचा विजेता आपोआप वर, असा नियम अमलात आला. पहिल्या वर्षी लिंकन सिटी खाली गेला, स्कारबरो वर आला. स्टॅन्लीच्या पुनरागमनाविषयी सांगताना बहुधा गावकऱ्यांच्या जिद्दीचे गोडवे गायले जातात. जिद्द होतीच. १९९५ मध्ये एरिक व्हॅली यांनी क्लब हाती घेतला, १९९९ मध्ये जॉन कोलमन मॅनेजर झाला. पूर्वी विकलेला ब्रेट ऑर्मरोड हा खेळाडू २००१ मध्ये साडेसतरा लाख पौंडांना साउदॅम्प्टनकडे गेला, तेव्हा करारानुसार त्यातला वाटा स्टॅन्लीला मिळाला. २००० आणि २००३ मध्ये क्लबाने आपापल्या पायरीवरची अजिंक्यपदे जिंकली. परंतु हीच जिद्द १९७५ मध्ये दाखवली असती तर तिची गाठ मतदानाच्या बंद दाराशी पडली असती, हे विसरता येत नाही.

२००६ च्या वसंतात ॲक्रिंग्टन स्टॅन्ली कॉन्फरन्सचा विजेता ठरला आणि चव्वेचाळीस वर्षांनी लीगमध्ये परतला. त्याच मोसमात लीगमधून खाली जाणाऱ्या दोन क्लबांपैकी एक होता ऑक्सफर्ड युनायटेड. १९६२ मध्ये स्टॅन्लीच्या जागेवर बसलेला तोच ऑक्सफर्ड. मध्यंतरी तो पहिल्या डिव्हिजनपर्यंत जाऊन, १९८६ चा लीग कप जिंकून आलेला होता. कथालेखकाने असा योगायोग रचला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती.

आता मूळ प्रश्न. हा क्लब तोच का? तर्कशास्त्राचे आमचे मित्र नाही म्हणतील, आणि कंपनी-कायदाही त्यांच्याच बाजूने बोलेल. तरी माझे मत वेगळे आहे. १९६२ मध्ये पील पार्कवर उभे राहिलेले पोरगे २००६ मध्ये साठीच्या आसपास होते, आणि क्राउन ग्राउंडवर ते नातवंडांना घेऊन आले तेव्हा आपण दुसऱ्याच कोणाचा खेळ पाहायला आलो आहोत, असे त्यांना वाटले असेल हे मला पटत नाही. मात्र १८८८ च्या क्लबाचा वारसा स्टॅन्लीच्या नावावर लिहिणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते दोघे काही काळ एकाच गावात एकाच वेळी नांदत होते.

२०१८ मध्ये स्टॅन्लीने लीग टूचे विजेतेपद मिळवले आणि तो लीग वनमध्ये गेला. २०२३ मध्ये पुन्हा खाली आला. २०१९ मध्ये लँकेशायरचाच जुना क्लब बरी याला आर्थिक कारणांवरून लीगने काढून टाकले. त्याच्या पाठीराख्यांना अगदी तळापासून खेळ सुरू करावा लागला, आणि त्यांच्यापुढे शेजारच्या गावाचे उदाहरण होते.