खारीची दोन भावंडं एकत्र ठेवावीत का?

प्रश्न : रंगकामाच्या वेळी खिडकीच्या छज्ज्यावरचं खारीचं घरटं खाली आलं. काथ्या आणि चिंध्यांच्या गोळ्यात दोन पिल्लं निघाली. डोळे अजून मिटलेलेच आहेत. मुलं म्हणतात, पाळूया. एक भाऊ आणि एक बहीण असली तर दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवता येईल का? मोठी झाल्यावर भांडणार तर नाहीत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पिंजरा आणायला जाण्याआधी खिडकीबाहेर बघा. पिल्लांची आई बहुधा आसपासच चिरचिरत असेल. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते, हा समज चुकीचा आहे. पिल्लं ऊबदार असतील आणि जखम नसेल, तर त्यांना घरट्याच्याच चिंध्यांसह उघड्या खोक्यात घालून छज्ज्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ ठेवा, रंगाऱ्याला दिवसभराची सुट्टी द्या आणि मांजर-कावळ्यांवर दुरून लक्ष ठेवा. खार एकेका पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. ती दिवसा हिंडणारी आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर वाट बघण्यात अर्थ नाही. पिल्लं आत घ्या, सकाळी पुन्हा ठेवून बघा.

आई मेली असेल किंवा फिरकलीच नाही, तरच तुमचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा उत्तर सरळ आहे : हो, या वयात दोघांना एकत्रच ठेवावं. अंगावर केस नसलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही, भावंडाला चिकटून ती टिकते. खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लांना सरकायला जागा राहील. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. जुना मऊ टी-शर्ट उत्तम.

एकत्र ठेवण्यात एक धोका आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. आईचं दूध तुटलं की पिल्लं चोखण्याची ओढ एकमेकांवर भागवतात, आणि बऱ्याचदा लघवीची जागाच चोखतात. ती सुजते, लघवी अडते आणि पिल्लू दगावू शकतं. म्हणून दर वेळी दूध पाजताना दोघांचीही ती जागा बघा. लाल दिसली तर दोघांना दोन वेगळ्या कापडी पिशव्यांत घालून त्याच खोक्यात शेजारी-शेजारी ठेवा. ऊब मिळते, तोंड पोचत नाही. अशा वेळी दूध कमी पडतंय का, हेही तपासा.

दुधाबद्दल थोडक्यात. गाईच्या दुधाने जुलाब होतात. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर वापरा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध. त्याला उताणं धरू नका, पोटावर धरून 1 मिलीच्या सिरिंजने थेंब थेंब पाजा. घाई केली तर दूध फुप्फुसात जातं. नंतर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसा. एवढ्या लहान पिल्लांना त्याशिवाय शी-शू होत नाही.

आता भावा-बहिणीबद्दल. नराच्या शी-शूच्या दोन्ही जागांमध्ये अंतर जास्त असतं, मादीच्या जवळजवळ असतात. दोन पिल्लं शेजारी धरली की फरक कळतो. लहानपणी भाऊ-बहीण एकत्र असल्याने काही बिघडत नाही. वयात आल्यावर मात्र पिंजऱ्यातल्या जोडीला एक तर पिल्लं होतील, नाही तर चावाचावी होईल, कारण हरलेल्याला पळायला दुसरं झाड नसतं. दोन बहिणी किंवा दोन भाऊ ठेवले म्हणून भांडणाची भीती मिटत नाही.

पण माझ्या मते पिंजऱ्यात ती तोवर राहूच नयेत. एकटं वाढवलेलं पिल्लू माणसाला आई समजून खांद्यावर चढतं, खिशात झोपतं. आपल्याला ते गोड वाटतं, आणि बाहेर गेल्यावर तेच पिल्लू मांजरालाही घाबरत नाही. भावंडं सोबत असली की झटापट, पाठलाग, लपणं ही सगळी शाळा आपसांत होते आणि माणूस फक्त दूधवाला उरतो. दोघांना एकत्र ठेवायचं ते याचसाठी, ती आपली होऊ नयेत म्हणून. नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया खाऊन वाढलेल्या खारीची हाडं कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, हा पाळण्यातला आणखी एक नेहमीचा घोळ.

पिल्लू शेकरूचं असेल तर पाळण्याची चर्चाच नको. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. छज्ज्यावरच्या पट्टेवाल्या खारीसाठीसुद्धा आई न आल्यास वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. वनविभागाची माणसं किंवा प्राण्यांना वाचवणारी संस्था पिल्लं न्यायला आली की काय पाजलं आणि कधी पाजलं याची चिठ्ठी सोबत द्या, आणि दोन्ही पिल्लं एकाच खोक्यात द्या.