बीपी मशीनवरचा तिसरा आकडा

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या अनेक घरांत आता बीपी मोजायचं मशीन आहे. ज्येष्ठ मंडळी वरचा आणि खालचा दाब वहीत नेमाने लिहितात. तिसरा आकडा, म्हणजे नाडीचा, मात्र राहून जातो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टर म्हणून मला आधी तोच हवा असतो.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, दाब घसरू लागतो. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले चेतातंतू मेंदूला लगेच खबर देतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो.

हा प्रतिसाद घरीही तपासता येतो. सकाळी पाच मिनिटं आडवे पडा, दाब व नाडी लिहा. मग उभे राहा आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. पट्ट्याचा हात लोंबकळू देऊ नका. कपाटाच्या कप्प्यावर छातीच्या उंचीला टेकवा. शेजारी कुणीतरी हवंच. गरगरलं तर लगेच बसा.

वरचा दाब 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. समजा, दाब 146 वरून 118 वर आला आणि नाडी 72 वरून जेमतेम 78 झाली. दाब 28 ने उतरला, ठोके सहानेच वाढले. वरचा दाब जितका उतरला त्याच्या निम्म्यानेही नाडी वाढली नाही, तर चेतातंतू मंदावल्याची शंका येते. जुना मधुमेह किंवा पार्किन्सनमध्ये असं होतं. नाडी भरपूर वाढली, तर शरीरातलं पाणी कमी झालं असेल. मे महिन्यात घामाने निथळत लोकलमध्ये उभ्याने वसई रोडला येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. ठोके मंदावणाऱ्या गोळ्या, पेसमेकर किंवा अनियमित ठोके असतील, तर नाडीचा हा हिशेब लागू नाही.

बीपीच्या, प्रोस्टेटच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही दाब उतरतो. पण त्या परस्पर बंद करू नका. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पावलं हलवा, मग उभे राहा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा शौचाला काळं झालं, तर थेट इस्पितळ गाठा. एरवी तीन-चार दिवसांचे तिन्ही आकडे आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन या. कोणती गोळी कमी करायची, हे त्यावरून ठरवता येतं.