दोन तास घातलेला शर्ट ठेवायचा कुठे?

अभियांत्रिकी म्हटलं की डोळ्यांसमोर गिअर, पंप, बॉयलर येतात. भिंतीवरची खुंटी येत नाही. पण कपडा किती टिकतो आणि धुण्याला किती पाणी लागतं, यात खुंटीचा वाटा मोठा आहे.

आपला गेवराई तालुका कापसाचा. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी मुख्यतः सरकी. एक किलो सुती कापडामागे, पावसाचं पाणी धरून, सरासरी १०,००० लिटर पाणी लागतं असा जागतिक अंदाज आहे. म्हणजे २५० ग्रॅमच्या टी-शर्टमागे अडीच हजार लिटर! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे मराठवाड्याने पाहिलंय. शर्ट एकाऐवजी दोन वर्षं टिकला, तर त्या पाण्याचा वर्षाचा हिशेब निम्म्यावर येतो.

शर्ट झिजतो तो घालण्याइतकाच धुण्यानेही. ब्रशने कॉलरचे धागे तुटतात. मशीनच्या जाळीत अडकलेला भुगा म्हणजे आपल्याच कपड्यांचे तंतू. कडक उन्हात रंग उडतो.

तरीही आपण जेमतेम वापरलेला कपडा धुवायला टाकतो. कारण घरात कपड्याला दोनच जागा: कपाट नाहीतर बादली. दोन तास घातलेला शर्ट कपाटात ठेवायला मन होत नाही. खिळ्याला अडकवला तर चुरगळतो, मग जातो बादलीत. वस्तू चुकीची वापरली जाते तेव्हा दोष बहुधा माणसाचा नसून रचनेचा असतो, असं डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या पुस्तकात मांडलं. इथेही तसंच आहे.

म्हणून हवी 'तिसरी जागा'. तिच्या रचनेत चार गोष्टी पाहाव्यात:

१. खिळ्याऐवजी रुंद, गोलसर दांडी. क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी, कापडाला टोक येत नाही.
२. दांडी भिंतीपासून वीतभर पुढे, खिडकीजवळ पण सावलीत. हवा खेळते, घाम वाळतो.
३. प्रत्येक कपड्यामागे एक सरकता मणी. कपडा घातला की मणी सरकवायचा. किती वेळा वापरला ते घरात सगळ्यांना दिसतं.
४. खाली सुई-दोरा-बटणांचा डबा. बटण तुटलं की तिथेच लावता येतं.

अंतर्वस्त्रं, मोजे, शेतातले आणि घामाने भिजलेले कपडे मात्र रोज धुवायचेच. स्वच्छतेशी तडजोड नाही.

समजा, घरात रोज दोन कपडे कमी धुतले आणि कपड्यामागे ८ लिटर पाणी धरलं, तर महिन्याला ४८० लिटर वाचतात. टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हे पाणी थोडं नाही.

जुन्या लुगड्याची गोधडी, बोहारणीकडून कपड्यांवर भांडी, ही कपड्याच्या शेवटाची सोय आपल्याकडे होतीच. मधल्या आयुष्याची सोय आपण करू शकतो. सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये एक दांडी बनवून घरी लावा. लावण्याआधी महिनाभर आणि नंतर महिनाभर धुण्यातले कपडे मोजा. फरक पडला नाही, तर रचना बदला. घरच्यांना उपदेश करू नका.