बोर्ड कडेने खराब होतो

नवे बोर्ड लावताना मला जेवढं कळलं, त्याच्या कितीतरी पट जुने बोर्ड उतरवताना कळलं. रत्नागिरीजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पतपेढ्या, शाळा, मंगल कार्यालयं, आंब्याचे कारखाने, किनाऱ्यावरची हॉटेलं यांची कामं येतात आणि त्यात ‘आधीचा काढून नवा बसवून द्या’ असं सांगणारे बरेच असतात. काढलेला बोर्ड मी लगेच भंगारात देत नाही. जमिनीवर आडवा घालून ब्लेडने सोलतो, रिव्हेटा कापून बघतो, फ्रेमची नळी फोडतो. बोर्ड कशाने गेला हे तिथे दिसतं. बहुतेक वेळा अक्षरं आणि रंग शाबूत असतात. बिघाड कडेला, भोकांभोवती आणि मागच्या फ्रेममध्ये असतो. आणि बोर्ड घेताना नेमकं त्याबद्दलच कोणी विचारत नाही.

खाडीच्या तोंडाशी एका संस्थेच्या गच्चीवर वीस फूट लांब, आठ फूट उंच बोर्ड होता. आठ बाय चारच्या पाच शीट उभ्या लावलेल्या. कोटेशनमध्ये फक्त ‘एसीपी ३ एमएम’ एवढंच लिहिलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात एका शीटचा खालचा कोपरा पुढे आला आणि तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या वाऱ्यात ती अख्खी शीट सुटून खालच्या दुचाकींवर पडली. पहाटेची वेळ होती म्हणून माणूस वाचला. संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “आता फुटाला काय घेणार?” मी म्हटलं, “साहेब, आधी हा का पडला ते बघूया.”

एसीपी म्हणजे दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिकचा थर. बाजारात ती तीन एमएम, चार एमएम अशी एकूण जाडीवर विकली जाते, पण ताकद असते बाहेरच्या पत्र्यात. हा पत्रा अर्धा मिलिमीटर असू शकतो, पाव मिलिमीटर असू शकतो आणि स्वस्तातल्या मालात त्याहून खूपच पातळ. एकूण जाडी तीनही वेळा तीच भरते. पडलेल्या शीटचा पत्रा सोलून मायक्रोमीटरमध्ये धरला, तर तो मिठाईवरच्या वर्खाची आठवण व्हावी इतका पातळ निघाला. खालच्या कापलेल्या कडेतून पाणी शिरून पत्रा आणि प्लास्टिक वीतभर आतपर्यंत सुटे झाले होते. रिव्हेटा मात्र फ्रेमला तशाच घट्ट होत्या. शीट त्यांच्या डोक्यांभोवती फाटून निघून गेली होती.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाज बोर्ड लावून घेणाऱ्यांना नसतो, म्हणून आकडा सांगतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ भाग ३ हे भारतीय मानक आहे. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. खालचा ३९ चा आकडा घेतला तरी चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतात. म्हणजे एका आठ बाय चारच्या शीटवर पावणेतीनशे किलोंच्या वर, आणि त्या वीस बाय आठच्या बोर्डवर पावणेचौदाशे. हा ढोबळ हिशेब झाला. उंच गच्ची आणि उघडा किनारा असेल तर तो वाढतो. वारा दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी रायगड-रत्नागिरीत अनुभवलं, त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

आता कोणता माल घ्यायचा ते.

फ्लेक्स सगळ्यात स्वस्त. महिनाभराच्या कार्यक्रमाला तोच योग्य. कायमच्या नावाला तो लावला की एक-दोन पावसाळ्यांत छपाईतला लाल आणि पिवळा उडायला लागतो, घड्या पडतात, कडेच्या रिंगा फाटतात. प्रत्येक वेळी नवा फ्लेक्स, परांची आणि चढणाऱ्या माणसांची मजुरी हा खर्च दहा वर्षांवर मांडून बघा, स्वस्ताई उरत नाही. सनबोर्ड, म्हणजे फोमची पीव्हीसी शीट, दुकानाच्या आतल्या भिंतीला छान दिसते. पश्चिमेच्या उन्हात ती पिवळी पडते आणि वाकते. मोठ्या उघड्या बोर्डला मी ती लावत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी नाही. प्लायवूड घ्यायचाच तर आयएस ७१० चा मरीन, आणि चारही कडा रंगाने पूर्ण बंद करून. पण बारा एमएमची एक शीट पंचवीस किलोंच्या आसपास भरते, आणि कोकणात वाळवी आहे.

जीआय पत्र्याबद्दल मला आदर आहे. योग्य घेतला तर तो एसीपीपेक्षा कमी पैशांत बराच टिकतो. इथे जाडीइतकंच महत्त्व जस्ताच्या थराला असतं. आयएस २७७ मध्ये हा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम असा मोजतात. १२० चा मिळतो, २७५ चाही मिळतो. दुकानात ‘वीस गेज’ एवढंच सांगून घरी आलेला पत्रा बहुधा कमी थराचा असतो. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत असाल तर २७५ मागा. नव्या जीआयवर साधा ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे सुटतात. त्याला आधी एच प्रायमर लागतो. रंगाऱ्याला हा एक हात वाचवू देऊ नका. एक मिलिमीटरची आठ बाय चार शीट सुमारे तेवीस किलोंची होते, तेव्हा फ्रेमही त्या हिशेबाने हवी.

एसीपी घेणार असाल तर बाहेरचा पत्रा किमान पाव मिलिमीटर घ्या, मोठ्या आणि उंच बोर्डला अर्धा. रंगाचा थर पीव्हीडीएफचा हवा. पॉलिएस्टरचा उन्हात लवकर फिका पडतो. बोर्ड इमारतीला लागून असेल आणि मागे लाइटची वायरिंग असेल, तर आगरोधक गाभ्याची शीट घ्या. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. ती आग भिंतींवर भराभर पसरण्याचं मुख्य कारण हा साध्या प्लास्टिक गाभ्याचा पत्राच होता. बोर्डमध्ये एवढा पत्रा नसतो हे खरं, पण त्याच्या मागे खिडकी असते आणि खिडकीत माणसं असतात. सगळ्यात खात्रीचा माल म्हणजे दोन एमएमचा सलग ॲल्युमिनियम पत्रा. त्यात सुटा होणारा थरच नसतो. महाग पडतो, म्हणून मी तो फक्त अगदी समुद्राला लागून असलेल्या कामांना सुचवतो.

एवढं सगळं बरोबर घेऊनही बोर्ड जातो तो जोडणीत. एसीपीची कड उघडी ठेवू नये. मागून राउटरने खाच मारून कडा आत दुमडल्या की शीटची पेटी होते. पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि शीट ताठही होते. उन्हात ॲल्युमिनियम वाढतं. आठ फुटांच्या शीटमध्ये सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या तापापर्यंत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, गडद रंगात जास्त. दोन शीटांमध्ये तेवढी फट ठेवून ती सिलिकॉनने भरायची. फट न ठेवता शीट एकमेकींना भिडवल्या की उन्हात फुगवटे येतात. तेच ॲक्रिलिक असेल तर वाढ जवळजवळ तिप्पट धरा.

साध्या पॉप रिव्हेटची टोपी ॲल्युमिनियमची असते, पण आतला खिळा लोखंडाचा. खाऱ्या हवेत तो गंजतो आणि बोर्डवर तांबडे ओघळ येतात. स्टेनलेस स्टीलच्या खिळ्याची रिव्हेट वापरा, नाहीतर प्रत्येक डोक्यावर सिलिकॉनचा थेंब द्या. स्क्रू किनाऱ्यावर ३१६ ग्रेडचे स्टेनलेस, रबरी वॉशरसकट. कडेला नऊ ते बारा इंचांवर एक. ॲल्युमिनियम आणि लोखंडी फ्रेम थेट टेकू देऊ नका. मध्ये फोम टेप घाला, नाहीतर मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंच्या भेटीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. फ्रेमच्या चौकोनी नळ्यांची वरची तोंडं बंद करा आणि खालच्या नळीला पाणी जायला भोकं ठेवा. त्या गच्चीवरच्या फ्रेमची खालची नळी मी फोडली तेव्हा आतून तांबडं पाणी वाहिलं. बाहेरचा रंग नवा दिसत होता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या फ्लेक्सच्या फ्रेमवर पत्रा चढवू नका. जोराच्या वाऱ्यात फ्लेक्स फाटतो आणि फ्रेमवरचा भार सुटतो. पत्रा फ्लेक्ससारखा फाटत नाही, तो सगळा भार फ्रेमला आणि पायाला देतो. फ्रेम तीच, वारा तोच, आणि आता पडायची पाळी सांगाड्याची. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग वळवाच्या वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि सतरा माणसं गेली. तुमचा बोर्ड त्याच्या शंभराव्या हिश्शाचा असेल, तरी गच्चीवर किंवा खांबावर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद घ्या आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची परवानगीही. इंजिनिअरची फी एका शीटच्या पैशांसाठी टाळणारे मी पाहिले आहेत.

देशावर, कराड-साताऱ्याकडे, मीठ नसल्याने यातल्या बऱ्याच गोष्टी सैल सोडता येतात. विदर्भात उन्हाच्या वाढीसाठीच्या फटी मोठ्या ठेवाव्या लागतात. किनाऱ्यावर मात्र दर पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात बोर्ड गोड्या पाण्याने धुवा. मे संपायच्या आत एक माणूस चढवून स्क्रू तपासा.

कोटेशन मागताना ‘एसीपी ३ एमएम’ एवढं चालवून घेऊ नका. बाहेरच्या पत्र्याची जाडी, रंगाचा थर, गाभ्याचा प्रकार, स्क्रूची ग्रेड, रिव्हेटांमधलं अंतर, फ्रेमच्या नळीची जाडी हे सगळं लिहून घ्या. शीटचा हातभर तुकडा सही करून ऑफिसात ठेवून घ्या. माल आला की एका कोपऱ्यावरचा पत्रा ब्लेडने सोलून त्या तुकड्याशी मापून बघा, आणि जुळला नाही तर बोर्ड वर चढवू देऊ नका.